तीळ, कॅल्पॉल आणि एकतीस जानेवारी

ब्रिटनमध्ये ज्यांना आयकराचं विवरणपत्र स्वतः भरावं लागतं, त्यांची ऑनलाइन मुदत ३१ जानेवारीच्या मध्यरात्री संपते. चुकली की शंभर पौंड दंड, मग कर एक पेनीही निघत नसो. मी रेडिंगमधल्या एका छोट्या अकाउंटंटच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे जानेवारी म्हणजे ऑफिसची सुगी आणि माझे हाल. टॅक्सीवाले, प्लंबर, केस कापणारे, वरची खोली भाड्याने देणाऱ्या एखाद्या आजीबाई, सगळे वर्षभराच्या पावत्या सुपरमार्केटच्या पिशवीत कोंबून आणतात. त्यातली डिझेलची कुठली आणि घरच्या दुधापावाची कुठली, हे मला आता पावतीच्या लांबीवरून कळतं. सही करण्याआधी कोणी नुसतीच पानं उलटताना दिसलं, तर मी तोंडावर विचारते, "वाचलंत का?"

आणि घरी आलेला एकही कागद मी धड वाचत नव्हते.

जानेवारीत तारखांची नुसती गर्दी असते. १४ला संक्रांत. १५ला इंग्लंडभर प्राथमिक शाळेच्या प्रवेशअर्जाची शेवटची तारीख, आणि धाकटा येत्या सप्टेंबरात रिसेप्शनमध्ये, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात, जायचा होता. ३१ला करखातं. मधल्या शनिवार-रविवारी रथसप्तमीपर्यंत कोणाकोणाची हळदीकुंकवं, आणि नाताळची सुट्टी संपून शाळा उघडल्या की मुलांमध्ये ताप-उलट्यांची साथ. उजाडतं आठनंतर, चारच्या सुमाराला परत काळोख. सकाळी गाडीच्या काचेवरचं बर्फ कुठल्यातरी जुन्या कार्डाने खरवडायचं. तोवर लेकीचा एक हातमोजा हरवलेला असतो, बूट उलटसुलट घातलेत हे धाकट्याला मान्य नसतं, आणि नेमका सांगलीहून आईचा फोन येतो, "अगं, एवढ्या थंडीत पोरांच्या डोक्याला तेल घालतेस ना?" घालते म्हणून सांगायचं. त्या महिन्यातली ही सर्वात निरुपद्रवी थाप.

प्रवेशअर्जाचं एका दमात सांगून टाकते. तो मी १५च्या रात्री भरला आणि त्यात एकच शाळा लिहिली. किमान तीन पसंत्या देता येतात, पण एकच लिहिली की कौन्सिलला ती द्यावीच लागते असं मी कुठेतरी ऐकलं होतं. साफ चूक. ती शाळा मिळाली नाही, तर बाकीच्या जागा रिकाम्या सोडणाऱ्याला उरलीसुरली कुठलीही शाळा मिळते, एवढंच त्याने होतं. लेक त्याच शाळेत असल्यामुळे १६ एप्रिलला निकाल आला तेव्हा आमचं निभावलं. त्यात माझी अक्कल काही नव्हती.

कॅल्पॉलची गोष्ट मात्र एका दमात सांगून सुटता येणार नाही.

कॅल्पॉल म्हणजे लहान मुलांचं पॅरासिटामॉल, गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या चवीचं. ज्या घरात मूल आहे त्या घरात ही बाटली असतेच, आणि पालकांमध्ये एक युक्ती असते जिच्याबद्दल कोणी उघड बोलत नाही. सकाळी पोराचं अंग गरम लागलं की एक डोस द्यायचा. ताप उतरतो, पोर हसतखेळत नर्सरीत जातं, आणि ताप पुन्हा चढेपर्यंत आपलं निम्मं काम उरकलेलं असतं. मी ती युक्ती केली. जानेवारीचा तिसरा आठवडा होता, टेबलावर एका बिल्डरचं अख्खं वर्ष पसरलेलं. साडेदहाला नर्सरीतून फोन आला. ताप ३९ आहे, तुम्हाला यायला वेळ लागणार असेल तर तोवर आम्ही पॅरासिटामॉल देऊ का? आज सकाळी घरी काही औषध दिलं होतं का?

मी म्हटलं, नाही.

हो म्हटलं असतं तर ताप आहे हे माहीत असून पाठवलं, हे उघड झालं असतं. म्हणून नाही. फोन ठेवला आणि मग डोक्यात आकडे जुळले. डोस दिलेला सव्वासातला, आता साडेदहा. दोन डोसांमध्ये निदान चार तास हवेत, चोवीस तासांत चारांहून जास्त नकोत, हे बाटलीच्या खोक्यावर छापलेलं मला तोंडपाठ आहे. एक डोस पाऊण तास लवकर गेल्याने बहुधा आभाळ कोसळलं नसतं. पण दुपारी कोणी त्या खोट्या वेळेवरून पुढचा डोस मोजला असता, रात्री नवऱ्याने त्यावरून आणखी एक, तर? मी कोट न घालता पार्किंगमध्ये धावले आणि नर्सरीचा नंबर लावत राहिले. फोन एंगेज. लागला तेव्हा बाटली उघडून नर्सरीतल्या बाईच्या हातात होती. मी सांगितलं, सकाळी दिलंय, मघाशी खोटं बोलले. पलीकडे क्षणभर कोणीच बोललं नाही. मग ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. पाजत नाही. या तुम्ही."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. त्या खोलीत आणखी कितीतरी मुलं होती, त्यांच्या आयांच्याही ऑफिसात जानेवारीच होता, आणि त्यांच्या घरी पुढच्या चार दिवसांत कोण आजारी पडलं हे मला कधीच कळणार नाही.

याहून लाजिरवाणा भाग पुढे आहे. या देशात घरातल्या अवलंबून असलेल्या माणसावर अचानक प्रसंग आला तर गरजेपुरती रजा घेण्याचा हक्क कर्मचाऱ्याला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असतो. पगार मिळेलच असं नाही, पण नाकारता येत नाही. हे मी लोकांना सांगते. छोट्या दुकानदारांची पगारपत्रकं मी करते, आणि मूल आजारी पडलं म्हणून घरी गेलेल्या मुलीला तुम्ही काढून टाकू शकत नाही, हे त्यांना फोनवर समजावणारी बाई मीच. स्वतःसाठी मात्र मी ती रजा मागितली नाही, कारण भर हंगामात रजा मागणारी अशी माझी ओळख मला नको होती. मागितली तेव्हा साहेब लॅपटॉपवरून मान वर न करता "जा" एवढंच म्हणाले.

नवरा कुठे होता, हे मनात आलंच असेल. तो आठवड्याचे तीन दिवस लंडनला जातो, बाकीचे दिवस घरून काम करतो. कचऱ्याचे डबे, मुलांच्या अंघोळी आणि शनिवारचा स्वयंपाक त्याच्याकडे. त्या दिवशी तो घरीच होता. नर्सरीपासून दहा मिनिटांवर. त्यांच्याकडे नोंदवलेला पहिला नंबर माझा, दुसराही माझाच, ऑफिसचा. शाळेचं ॲप फक्त माझ्या फोनवर. त्याने विचारलं की मी म्हणायचे, "राहू दे, तुला नाही कळायचं, मी बघते." आणि मी बघत नव्हते. सगळं आपल्या हातात ठेवण्याची एक हौस असते, तिला आपण कष्ट असं नाव देतो. मी तरी देत होते.

बुरशीच्या प्रकरणात तर मी वेळेचं कारणही सांगू शकत नाही. आमचं घर रेडिंगच्या लाल विटांच्या जुन्या रांगेतलं. हिवाळ्यात बाहेर कपडे वाळत नाहीत, म्हणून गणवेश, टॉवेल, चादरी सगळं रेडिएटरवर. एका धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं, आणि बाहेर जायला वाट नसली की ते घरातल्या सर्वात थंड भिंतीवर बसतं. खिडकीच्या चौकटीत वरच्या बाजूला हवा खेळण्यासाठी बारीक फट ठेवलेली असते. तिच्यातून गार वारा येतो म्हणून मी एका रविवारी दुपारभर स्टुलावर चढून सगळ्या खोल्यांतल्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या, आणि बिल वाचवायला हीटिंगही कमी केलं. मुलांचं कपाट बाहेरच्या भिंतीला टेकून होतं. ते ओढलं तर मागे काळे ठिपके, खाली ओल, आणि आईने विणून पाठवलेल्या स्वेटरच्या पाठीवर तेच ठिपके. मी ओल्या फडक्याने भिंत पुसली आणि वरून पांढरा रंग मारला. फेब्रुवारी लागायच्या आत ठिपके रंगातून वर आले.

रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे श्वसनाचा विकार जडून तो गेला, असा कॉरोनरचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला. त्याचे आईवडील सुदानमधून आलेले. त्यांनी तक्रारी केल्या होत्या, आणि घर देणाऱ्या संस्थेने बुरशीचं खापर त्या कुटुंबाच्या राहणीवर फोडलं होतं. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सामाजिक घरांना लागू झाला, आणि आता धोकादायक ओल व बुरशीची दखल घरमालकाला ठरलेल्या मुदतीत घ्यावी लागते. परक्या देशातून आलेल्या माणसाच्या घरी ओल आली की 'यांची राहणीच तशी' म्हणणं किती सोपं असतं, याची चीड आम्हां सगळ्यांनाच आली होती. पण त्या आईबापांचं कोणी ऐकलं नव्हतं. माझ्या बाबतीत घर आमचं होतं आणि चिकटपट्टी मी लावली होती. ती काढली, कपाट हातभर पुढे घेतलं, डिह्युमिडिफायर आणला. पहिल्याच रात्री त्याची टाकी अर्धी भरली.

आता लाडू.

शाळेने सप्टेंबरात खाण्यापिण्याचं पत्र पाठवलं होतं, ईमेलने. मी ते फोनवर उघडलं, खाली सरकवलं, 'वाचलं व मान्य' वर बोट ठेवलं. डोक्यात एवढंच राहिलं की शेंगदाणे-सुकामेवा नको. जानेवारीत लेक म्हणाली, "आई, मी वर्गात सगळ्यांना तिळगूळ देणार आणि गोड बोला म्हणणार." मला भरून आलं. रेडिंगमध्ये जन्मलेली पोर आपणहून हे म्हणते, म्हणजे आपण आई म्हणून काहीतरी केलं असं वाटलं. ऑक्सफर्ड रोडवरून तीळ आणि चिक्कीचा गूळ आणला. शेंगदाणे घालायचे नाहीत, नुसत्या तिळाचे करायचे, हे ठरवताना मला स्वतःच्या शहाणपणाचं कौतुकच वाटत होतं.

भोगीच्या रात्री पोरं झोपल्यावर बसले. तीळ मंद आचेवर भाजले. ते तडतडायला लागले की उतरवायचे, नाहीतर कडू होतात. गुळाचा पाक पाण्याच्या वाटीत थेंब टाकून पाहिला, गोळी वाटीवर टणकन वाजली. वेलदोडे मिक्सरच्या छोट्या भांड्यात फिरवले. त्याच भांड्यात सकाळी भोगीच्या भाजीसाठी दाण्याचं कूट केलं होतं, आणि ते मी धुतलं नव्हतं, फडक्याने पुसलं होतं. तेव्हा याचा विचारसुद्धा मनाला शिवला नाही. तळहाताला तूप लावून, चटके खात, सुपारीएवढे लाडू वळले, प्रत्येक चांदीच्या कागदात गुंडाळला आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात रचला. झोपायला मध्यरात्र झाली.

दुसऱ्या दिवशी सव्वातीनला शाळेच्या फाटकापाशी वर्गाच्या मदतनीस बाईंनी डबा तसाच परत दिला. सकाळी मुलं आत येतानाच त्यांनी तो बाजूला काढून ठेवला होता. वर्गात तिळाची गंभीर ॲलर्जी असलेलं एक मूल आहे, त्यांनी शांतपणे सांगितलं, तुम्ही कष्ट घेतलेत, माफ करा. लेक एक शब्द बोलली नाही. तिने 'गोड बोला' कोणालाच म्हटलं नव्हतं.

मला राग आला. तीळ म्हणजे काय सुकामेवा आहे? गाडीत बसल्या बसल्या आमच्या मराठी आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, की यांना ईस्टरची चॉकलेटं चालतात, आपला सण आला की नियम आठवतात. धडाधड अंगठे आले, लाल तोंडं आली, एकीने लिहिलं की वर तक्रार कर. संध्याकाळभर मला फार बरं वाटत होतं. खरं तेच सांगते.

रात्री ग्रुपबाहेर एक मेसेज आला. आमच्यातलीच एक, नगरकडची. तिच्या पाच वर्षांच्या मुलाला तिळाची ॲलर्जी आहे आणि ॲड्रिनलिनची दोन पेनं सतत तिच्या पर्समध्ये असतात, हे मला तेव्हा कळलं. ती गेली दोन वर्षं हळदीकुंकवाला येत नव्हती. भाव खाते, असं मी म्हणत होते, आणि मनातल्या मनात नाही, चारचौघींत. तिने लिहिलं होतं, की शेवटचं आली होती तेव्हा हॉलच्या दारातच एका काकूंनी प्रेमाने मुलाच्या तोंडाशी लाडू नेला. "मी किंचाळले. सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. तुझ्या लेकीच्या वर्गातल्या त्या बाईंसारखं कोणी आपल्या हॉलमध्ये असतं, तर मी येत राहिले असते."

त्यानंतर मी सप्टेंबरातली ईमेल शोधली. तिसऱ्याच ओळीत, ठळक अक्षरांत, तीळ. खाली माझं नाव, आणि मान्य केल्याची वेळ सकाळी आठ बावन्न. गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर मी त्याला काय म्हटलं असतं, ते मला माहीत आहे.

मग वाचायलाच बसले. ब्रिटनच्या कायद्यात चौदा ॲलर्जीकारक पदार्थांची यादी आहे. त्यात शेंगदाणे वेगळे, सुकामेवा वेगळा आणि तीळ वेगळे. जुलै २०१६ मध्ये नताशा एडनान-लापरूझ ही पंधरा वर्षांची मुलगी हीथ्रो विमानतळावर घेतलेलं बगेट खाऊन नीसच्या विमानात बसली. पावाच्या पिठातच तीळ होते, वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. ती वाचली नाही. तिच्या आईवडिलांनी लढून मिळवलेला नताशाचा कायदा १ ऑक्टोबर २०२१ला लागू झाला, आणि तेव्हापासून दुकानात करून तिथेच बांधून विकायला ठेवलेल्या खाण्यावरही सगळे घटक लिहावे लागतात, चौदांपैकी जे असतील ते उठून दिसतील असे. घरच्या लाडवांना हा कायदा लागत नाही. घरच्या लाडवांवर वेष्टनच नसतं, म्हणून मला ते निर्धोक वाटत होते.

त्याच रात्री मी ओट्याशी उभी राहून एकेक डबा उलटा करून पाहिला. मोहरी त्या चौदांत आहे, म्हणजे आमची प्रत्येक फोडणी आहे. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत गव्हाचं पीठ. तिळाच्या पाकिटावर, ज्यातून मी मोठ्या हुशारीने दाणे वगळून लाडू केले होते, 'यात शेंगदाण्याचा अंश असू शकतो'.

ग्रुपवर दुसऱ्या दिवशी माफी मागितली, आधीचा मेसेज न पुसता. तिला अंगठे अगदीच थोडे आले. मदतनीस बाईंना फाटकापाशी गाठून सांगितलं की चूक माझी होती. त्या म्हणाल्या, मग लेकीला सणाबद्दल बोलू दे ना वर्गात. हलव्याचे दागिने दाखवायला देणार होते, तर आठवलं की हलवासुद्धा बहुतेक वेळा तिळावरच चढवलेला असतो. शेवटी लेक काळा फ्रॉक आणि एक पतंग घेऊन गेली, आणि आमच्याकडे सणाला काळं घालतात याचं वर्गाला भारी नवल वाटलं म्हणे.

वेळ नव्हता, असं मी त्या महिन्यात सगळ्यांना सांगत होते, आईला, साहेबांना, शाळेला. लाडवांना चार तास लागले, फटी बुजवायला रविवारची दुपार. पत्र वाचायला दोन मिनिटं लागली असती, आणि नवऱ्याचा नंबर नर्सरीत द्यायला त्याहून कमी. वेळ होता, तो मला आवडेल तिथे मी घालवत होते. आता नर्सरीतला पहिला नंबर त्याचा आहे आणि शाळेचं ॲप दोघांच्या फोनवर. त्याच्याकडून परवा पोहण्याच्या दिवशी पोहण्याची पिशवी राहिली. मी काही बोलले नाही, म्हणजे फारसं बोलले नाही.

परदेशात असाल किंवा पुण्या-मुंबईत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं किंवा बोरनहाणाचं बोलावणं पाठवाल तेव्हा वेळ आणि पत्त्याखाली एक ओळ घाला: मुलांना काय चालत नाही ते आधी कळवा. तिळगूळ निघताना बंद पुडीत, आईच्या हातात द्या, दुसऱ्याच्या मुलाच्या तोंडात घालू नका. आणि पूर्वी येणारी एखादी अचानक यायची बंद झाली असेल, तर तिच्याबद्दल चारचौघींत बोलण्याआधी तिला फोन करा. मुलाच्या जिवाची अशी भीती असलेलं घर सहसा आपणहून काही सांगत नाही.